मठ्ठपणाची पूर्वतयारी

३ फेब्रुवारी
घात झाला! न्हाव्याकडे नंबर यायची वाट बघताना पेपरातलं शब्दकोडं सोडवून टाकलं. पंधरा मिनिटांत! त्या भोचकाने लगेच माझ्या बायकोला फोन करून कौतुक केलं.
घरी गेलो तर स्टेफा दारातच उभी. "तीस वर्षं ऐकतेय, वॉल्टर — 'माझं डोकं चालत नाही गं!' विम्याचे फॉर्म मी भरते. आईच्या औषधाच्या गोळ्या मी लावते. थंडीत घर तापवायचा बॉयलर बंद पडला की तळघरात मी!"
काय सांगणार? डोकं चालतं की. फार चालतं. म्हणून तर तीस वर्षं सुटलो!

४ फेब्रुवारी
ब्रँडन शहरातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे वेळ घेतली तिने. रीतसर बुद्धिमापन. सोमवारी. हुशार निघालो तर फॉर्म, गोळ्या, बॉयलर — सगळं माझ्या गळ्यात. "आणि नाही निघालास, तर जन्मात चकार शब्द काढणार नाही," म्हणाली.
बघतोच.

५ फेब्रुवारी
बाईंच्या ऑफिसात फोन केला. "तयारी काही नको. झोप घ्या, नाश्ता करून या."
असं कसं? नापास व्हायचं तर तयारी नको?

६ फेब्रुवारी
वाचनालयातून कोड्यांचं पुस्तक आणलं. चुकीची उत्तरं द्यायचा सराव. वाटतं तितकं सोपं नाही हं! आधी बरोबर उत्तर शोधा, मग खरं वाटेल असं चुकीचं शोधा. दुप्पट डोकं लागतं. दुपारी दमून झोपलो.

७ फेब्रुवारी
डोनटच्या दुकानात जुना दोस्त नेस्टर भेटला. त्याला विश्वासात घेतलं. "येड्या, फारच खाली गेलास तर गाडीचं लायसन्स काढून घेतील!"
म्हणजे मोजूनमापून मठ्ठ व्हायला हवं. बुद्ध्यांक शंभर म्हणजे चारचौघांसारखा. आपण जरासं खाली राहावं.

८ फेब्रुवारी
जेवताना बीटाचं सार मुद्दाम शर्टावर सांडलं. "थोडं नाटक उद्यासाठी ठेव," — स्टेफा.

९ फेब्रुवारी
बाईंनी लाल-पांढरे ठोकळे पुढे ठेवले. चित्रातल्यासारखी नक्षी जुळवायची. घड्याळ सुरू — आणि मी सगळं विसरलो! अशी मजा शाळेतसुद्धा आली नव्हती. मग आकडे उलटे म्हणायचे, शब्दांचे अर्थ सांगायचे... जीव तोडून केलं. बाहेर आल्यावर आठवलं — एकही उत्तर मुद्दाम चुकवलं नाही!
मेलो. एकशेचाळीसच्या खाली काही येत नाही आता.
गाडीत स्टेफाने विचारलं, "कसं झालं?" "वाईट," म्हटलं. पण खरं सांगू? आतून छाती फुगली होती. कळू दे एकदा सगळ्यांना. बॉयलर तर बॉयलर!

१७ फेब्रुवारी
अहवाल आला. शहाऐंशी.
स्टेफाने दोनदा वाचला. मग शेजारी येऊन बसली, माझा हात धरला. "माफ कर रे. तीस वर्षं तुला कामचुकार समजले मी." डोळे भरले होते तिचे. एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलत होती — मला कळावं म्हणून.