तीन टोपल्या, एकच बाई

३ फेब्रुवारी
मासेवाली आणि फुलवाली एकच बाई आहे!
शंभरेक वर्षांपूर्वीची ही पोस्टकार्डं. रस्त्यावर माल विकणाऱ्या बायकांचा इतिहास चित्रांतून शोधायचा, हा माझा प्रबंध – आणि त्याचा सगळा डोलारा या कार्डांवर. आज भिंगातून पाहिलं तर दोघींच्या डाव्या पायाचा अंगठा तसाच बाहेर वळलेला. मग सरपणवालीचं कार्ड काढलं. तोच अंगठा! कपाळावरचा व्रणही तोच.
आईला दाखवलं. "तिळ्या असतील," म्हणाली, आणि परत भाजी निवडायला लागली.

४ फेब्रुवारी
काही सुचत नाही.

६ फेब्रुवारी
मॅडमना फोन केला. मार्गदर्शक म्हणून त्यांचंच नाव आहे प्रबंधावर. "एका अंगठ्यापायी सगळं मोडीत काढणारेस? महिनाअखेर जमा करायचंय!"
बरोबर आहे. पण तिसऱ्या प्रकरणात मीच लिहून ठेवलंय – 'बाजारात मुरलेली, कॅमेऱ्याला न बुजणारी नजर'. कोणाची नजर? हंगामाप्रमाणे माल बदलत असेल का ती? असेलही. नसेलही. डोक्याचा नुसता भुगा झालाय.

११ फेब्रुवारी
कार्डामागच्या शिक्क्यावरून फोटोग्राफरचा नातू सापडला. निवृत्त, गप्पिष्ट. कार्ड बघताच खो खो हसायला लागला. "ही? ही तर आमची आजी!"
बाजारातली एकही बाई आजोबांपुढे उभी राहायला तयार नव्हती म्हणे. गिऱ्हाईक सोडून कोण थांबणार? मग त्यांनी बायकोलाच नटवलं, घरामागच्या गल्लीत उभं केलं. "टोपलीत खाली सगळ्या चिंध्या!" नातवाची सून चहा घेऊन आली, तीही हसली. मीपण हसले. काय करणार!
जिन्यात मात्र तिन्ही कार्डं परत काढून पाहिली. अख्ख्या प्रकरणात विकणारी बाई एकही नाही.

१२ फेब्रुवारी
प्रकरण काढून टाकलं. परत घातलं. परत काढलं.
चिडू तरी कुणावर? आजोबांवर? त्या आजीवर? तिला कुणी विचारलं असेल का? आणि खऱ्या बायका 'नाही' म्हणाल्या – हेही काहीतरी आहेच की! पण 'नाही'चं चित्र आणू कुठून?
आई दोनदा येऊन गेली. "अगं, जेव तरी." मग ताट झाकून ठेवलं तिनं.

१४ फेब्रुवारी
सकाळीच नातवाचा फोन. आवाज अगदी खाली.
"त्या दिवशी बोललो नाही. सूनबाई समोर होती. आजोबा लवकर गेले हो. स्टुडिओ बंद पडला. मग आजी रस्त्यावर बसली, भाजी घेऊन. खरीखुरी. म्हातारी होईपर्यंत. माझ्या वडिलांना तिनं त्यावरच वाढवलं."
मी विचारलं, "तेव्हाचा एखादा फोटो?"
"काढणार कोण?"