गल्लीवरून जाणारे अभ्रे

तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा एक अंग वजा धरून घे).

तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही. ती माझ्यासमोर कागदावर आहे: हिमोग्लोबिन सहा महिन्यांपूर्वी नऊ, आता साडेबारा. घरचे खूश आहेत. माझी झोप उडालीय, कारण तुझं रक्त वाढायचं नव्हतं.

तुला आठवत असेल (नसेलच, फॉर्म भरताना तू टीव्ही बघत होतीस), आमच्या संशोधनात दोन इमारती आहेत. समोरच्यांनी गच्चीवर पालक, माठ, बीट लावून खायचं, कुणाला द्यायचं नाही. तुम्ही काही न लावता नेहमीसारखं जगायचं. मग दोन्हीकडची रक्तं तपासायची. फरक दिसला तर शहरात आणखी चाळीस गच्च्या हिरव्या, नाही तर हीसुद्धा परत कबुतरांची. फरक आला शून्य! दोन्हीकडे सारखंच वाढलं. आमच्या संचालकबाई (बिस्किटांवर जगतात, आता दिसतातही चौकोनी) म्हणाल्या, "म्हणजे भाजीनं काही होत नाही. सोमवारी वाफे उचला."

म्हणून तीन दुपारी मी त्या गच्चीवर जाऊन बसले. तिथं दुपार पुढे सरकतच नाही. माठाच्या लाल पानातून ऊन बघितलं की आपल्याच मिटल्या पापण्या आतून बघतोय असं वाटतं. ओल्या मातीच्या वासात माणूस संशोधक वगैरे राहत नाही, नुसता बसतो. तिसऱ्या दिवशी डोळा लागता लागता दिसलं, एक पांढरा, फुगलेला उशीचा अभ्रा गल्लीवरून तरंगत पलीकडे चाललाय. मागून दुसरा, निळ्या फुलांचा. म्हटलं, बरं स्वप्न पडतंय, पुरं होऊ दे. पण स्वप्नातल्या अभ्र्यातून पालकाचे देठ डोकावत नाहीत. दोन्ही इमारतींमधल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवरून, मजल्यामजल्यावरून, भाजी तुमच्याकडे येत होती!

खाली जाऊन विचारलं तर सगळे साळसूद. तिसऱ्या मजल्यावरची नर्स म्हणाली, "ताई, समोरची माणसं बघत असताना एकट्यानं खायची? घशाखाली उतरेल का?" आणि लगेच, "पण आम्ही दिली नाही हं! सही केलीय ना."

आम्ही तज्ज्ञांनी माती, खत, जीवनसत्त्वं, सगळं धरलं होतं. शेजार तेवढा धरायचा राहिला.

तुझी,
भाची

ता. क. : खरं काम आता सांगते (समक्ष आले असते तर तू माझ्या वजनाचा विषय काढला असतास). तुमच्याकडच्या एकानं जरी 'समोरची भाजी खाल्ली' असं लिहून दिलं, तरी वाफे वाचतील. फॉर्मवर तू लिहिलंयस, 'पालेभाजीला शिवतसुद्धा नाही.' ते खोडून रविवारपर्यंत सही दे. कुणी दिली तेही लिहावं लागेल. तुझ्या खिडकीकडे येणाऱ्या अभ्र्याला झालर आहे, आणि समोर चौथ्या मजल्यावर शिंपीकाका एकटेच राहतात. मी काही म्हणत नाही.

आणखी ता. क. : दुसऱ्याच्या रक्ताचा आकडा सांगणं आमच्या नियमात बसत नाही, म्हणून सांगत नाही. पण दोन्ही इमारतींत मिळून रक्त कमी झालेला माणूस एकच आहे. चौथ्या मजल्यावरचा. आपल्या वाट्याची एक काडीही त्यानं स्वतःला ठेवलेली दिसत नाही. तेव्हा सही रविवारी दिलीस तरी चालेल. आज त्यांना जेवायला बोलाव.