चालत येणारे

४ मार्च
ताईच्या कॅन्सरवर गोळ्या! माझ्याच प्रोग्रामने सांगितलं. ताईसारखे जुने पेशंट शोधायचे, त्यांना काय लागू पडलं ते बघायचं, तेच नव्या पेशंटला सुचवायचं—हेच माझं हॉस्पिटलातलं काम. सलाइनमधून देतात ते मोठं औषध नको म्हणे. ताई खूश. "माझे केस वाचवलेस गं!"
मला मात्र पटत नाहीये. उद्या आकडे पुन्हा बघते.

५ मार्च
आकडे पुन्हा तपासले. वय, वजन, रक्त—सगळं बरोबर. गोळ्या घेणारेच जास्त वाचलेत. एवढ्याशा गोळ्यांनी? मोठ्या डॉक्टरांना गाठलं, जुने पेशंट त्यांचेच. "तेव्हा गोळ्या कुणाला द्यायचात?"
"जो दारातून आपल्या पायांनी चालत येईल त्याला. चाकांच्या खुर्चीवरून आणला की मोठं औषध."
 म्हणजे गोळ्यांनी कुणाला वाचवलंच नाही—मुळात धडधाकट होते, तेच गोळ्यांवर गेले! आणि कोण चालत आलं, हे केसपेपरवर कुठेच नाही. प्रोग्रामला काय कळणार, कपाळ! ताईला आम्ही खुर्चीवरूनच नेलं होतं.
तेही सांगितलं. तर म्हणतात, "खुर्ची हल्ली सगळ्यांनाच देतात. शुक्रवारी आण. मी डोळ्यांनी बघतो, मग ठरवू."

६ मार्च
ताईने खोदून खोदून विचारलं. "तोंड का उतरलंय तुझं?" शेवटी सगळं सांगून टाकलं—चालत येणारे, खुर्चीवाले, सगळं. सांगताना रडलेच.  ती मलाच थोपटत बसली. आजारी कोण आणि थोपटतंय कोण!
भीती तसूभर कमी झालेली नाही. ताई गेली तर? 

७ मार्च
दुपारी ताईच्या खोलीत धप्पकन आवाज. धावले. पलंगाला धरून उभी! "काही नाही गं, पाय आखडलेत, जरा मोकळे करत होते."

८ मार्च, शुक्रवार
हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. डॉक्टर राउंडला गेलेत. आले की पहिली आत घुसणार.
मी रिपोर्ट आणायला गेले होते. परत येते तर डॉक्टरांच्या दाराबाहेर खुर्ची रिकामी!  तेवढ्यात ताई बाहेर आली—पांढरीफटक, घामाने निथळत. माझ्या अंगावरच कोसळली. हातात चिठ्ठी. गोळ्याच लिहिल्यात.
आणि हसत होती. "एकटी चालत गेले बघ! तूच म्हणालीस ना, चालत येणारे वाचतात."