पालखीच्या दिवसाची रजा

३ मार्च, सोम.
इंटर्नशिपचा दुसरा महिना. निकम सरांनी (एचआर मॅनेजर, मूळचे साताऱ्याचे) आज चक्क चहा मागवला. तेव्हाच ओळखलं, काहीतरी गळ्यात पडणार. फॅक्टरीत एचआरची एक जागा भरायचीय. माझं एमबीए संपलं की मलाच घेतील, फक्त "शिमगा तेवढा सुरळीत काढून दाखव." मागच्या शिमग्यात कोळंबी सोलायच्या टेबलांवर निम्म्या बायका नव्हत्या, माल पडून राहिला. सरांना वाटतं शिमगा म्हणजे होळी पेटवली, रंग उडवला, की दुसऱ्या दिवशी कामावर.
जागा मिळाली तर रत्नागिरी सुटणार नाही, दर रविवारी गावी जाता येईल. नाही मिळाली तर दादाच्या मागोमाग नालासोपारा, आणि आई घरात एकटी. मला ती जागा हवीच आहे.

६ मार्च, गुरु.
सरांना समजावलं. होळीनंतर ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. प्रत्येक वाडीचा दिवस ठरलेला. पालखी दारात आणि घर बंद, हे आमच्याकडे कुणी मनातही आणत नाही. मुंबईचे चाकरमानी नोकरीला लाथ मारून येतात, तिथे या कशा थांबतील? तेव्हा दम देऊन उपयोग नाही. जिच्या घरी ज्या दिवशी पालखी, तिला त्या दिवसाची रजा द्या, बाकीचे दिवस ती येईल. सर खूश. म्हणाले, हे पुस्तकात नसतं.
मी पण खूश. मांडवीला मावशीकडे परतताना तिच्यासाठी जिलेबी घेतली.

८ मार्च, शनि.
जेवणाच्या सुट्टीत बायकांत जाऊन बसले. आधी कुणी बोलेना. आमच्या गावची शेजारीण सुमनकाकी (बाबांची चुलत वहिनी) आठवडाभर कंपनीच्या खोल्यांत राहून तिथेच काम करते, तिच्यामुळे बोलत्या झाल्या. काका मुंबईत वॉचमन, यंदा त्यांना सुट्टी नाही. घर उघडायला, ओटी भरायला काकी एकटी. आमच्या वाडीची पालखी मंगळवारी, १८ ला.
देवरूखकडच्या एकीने विचारलं, पालखी उशिरा आली तर? काकीनेच तिला गप्प केलं. "आपली पोर हाय हपिसात. ती बघल."
मी मान डोलावली.

११ मार्च, मंगळ.
नोटीस लागली. कल्पना माझी, शेवटची ओळ माझी नाही. ठरलेल्या दिवसाव्यतिरिक्त गैरहजर राहिल्यास काम बंद. सरांना विचारलं. धाक नसला की नियम कोण पाळतंय, म्हणाले. तेव्हाच भांडायला हवं होतं. भांडले नाही. जागा डोळ्यांसमोर नाचत होती.

१८ मार्च, मंगळ.
मला रजा नाही. शिमग्यात एचआर रिकामं ठेवता येत नाही म्हणे.
संध्याकाळी आईचा फोन. पालखी खालच्या वाडीतच अडकली. पुढचा खांदा कुणाचा यावरून दोन घराण्यांची जुंपली, मानकरी अडून बसले. आज निघत नाही, आमच्याकडे उद्या.
कर्म माझं. हे मला ठाऊक नव्हतं का? शिमगा आणि मानापानाचं भांडण नाही, असं एक तरी वर्ष आठवतं का? सरांपुढे शहाणी दिसायच्या नादात विसरले. देवीला वेळापत्रक लावायला निघाले होते मी.
सरांना फोन केला. "सकाळी बघू."

१९ मार्च, बुध.
आमच्या वाडीतल्या बाकी दोघी आल्या. त्यांच्या घरी सासवा आहेत. काकीकडे कोण? ती नाही आली.
सरांना म्हटलं, दिवस मी सांगितला होता, चूक माझी. म्हणाले, एकीला सोडलं तर उद्या सगळ्यांच्याच पालख्या अडकतील. आणि वर, "काम बंद झाल्याचा फोन तिला तूच कर. अवघड बोलणं जमलं पाहिजे. एचआर म्हणजे दुसरं काय असतं?"
दुपारी काकीच्या जागेवर ठेकेदाराची नवी बाई उभी. इतक्या लवकर कुठून आणली? विचारलं नाही.

२० मार्च, गुरु.
केला फोन. कॉलेजात शिकवलंय, आधी आभार, मग निर्णय, मग शुभेच्छा. तसंच बोलले. स्वतःच्या काकीशी, अहो-जाहो करून.
"गो बाय, अशी काय बोलतीस? बरी हायस ना?"
मग समजलं तिला. म्हणाली, "तू सांगितलास ता बरा झाला. परक्यानं सांगितला असता तर जास्त लागला असता."
शिव्या का नाही दिल्यास काकी?
सर म्हणाले, छान हाताळलंस. छान.

२३ मार्च, रवि.
गावी. काकीच्या अंगणावरून मान खाली घालून आले. ती दिसली नाही, हे बरंच.
आईने जेवताना सांगितलं. बुधवारी पालखी काकीच्या दारात आली, गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. विचारलं, देवीला काय सांगू? आईला वाटलं काकांच्या गुडघ्याचं सांगेल, नाहीतर गळक्या पडवीचं. तर म्हणाली, "आमची पोर त्या हपिसात कायम होव दे." गुरवाने तेच घातलं, आणि जमलेली सगळी वाडी "होय महाराजा" म्हणाली.
आई कौतुकाने सांगत होती. काकीचं काम गेलं हे तिला माहीत आहे. फोन कुणी केला, हे काकीने तिला सांगितलेलं नाही.
मी पण नाही सांगितलं. भात गिळला.

२४ मार्च, सोम.
ऑफर लेटर आलं. शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचंय.
सरांना विचारलं, काकीला परत घेता येईल? हसले. "आता तू एचआर. तूच सांग, नियम काय म्हणतो?"
पेन हातात होतं. खाली ठेवलं. लेटर फाडलंही नाही, बॅगेत घातलं.
आत्ता आईचा फोन येऊन गेला. काकीने देवीसाठी नारळ आणून ठेवलाय. तुझं काही कळलं का, म्हणून रोज विचारते. मी आईला म्हटलं, अजून नाही.