आईच्या गाडीतलं मोठं इंजिन

देवरूख,
गुरुवार

प्रिय आमू,

सप्रेम जयभीम.

हे पत्र मी निलेशच्या ऑफिसच्या पत्त्यावर कुरिअरनं पाठवतोय. तो ते तुझ्या हातात देईल तेव्हा त्याला शेजारीच बसवून घे, आणि तूही उशीला नीट टेकून बस. फोन सोडून बाबांना पत्राचं काय सुचलं, असं वाटेल तुला. पण माझा फोन माझ्यापेक्षा तुझ्या आईच्याच हातात जास्त असतो. तुझ्याशी बोलताना ती लगतच बसलेली असते, आणि मी काय बोलतो यापेक्षा कशा आवाजात बोलतो याकडे तिचं लक्ष असतं. आत्ता ती मागच्या पडवीत शेजारच्या वैष्णवीला घेऊन बाळाच्या दुपट्यांना टाके घालत बसलीय. टाका वाकडा गेला की उसवायला लावते. मास्तरीण ती, रिटायर झाली म्हणून काय झालं.

गाडीचं इंजिन बदलायचं ठरवलं तेव्हा तू केवढी चिडली होतीस. "बाबा, त्या एवढ्याशा डब्यात मोठं इंजिन घालून तुम्हाला काय शर्यत लावायचीय? विका ती, आणि कोल्हापूरला जायला भाड्याची गाडी करा." तुझं म्हणणं शहाणपणाचंच होतं. पण भाड्याची गाडी आम्ही एकदा करून बघितली होती, ते तुला सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर बिचारा बरा होता. पण गाडीत कसलं तरी उग्र अत्तर, आणि केमो घेतल्यापासून तुझ्या आईला कुठलाच वास सोसत नाही. कोल्हापुरापासून साखरप्यापर्यंत ती पिशवी तोंडाशी धरून बसली. ओकारीचा त्रास होताच, पण परक्याच्या गाडीत आपल्याला असं होतंय याची लाज तिला जास्त. घरी आल्यावर भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, ह्यापुढं मला माझ्याच गाडीतून न्या. नाहीतर नेऊ नका."

तिची गाडी म्हणजे खरंच तिची. आपण पोफळीला कॉलनीत होतो तेव्हाची गोष्ट. मी पॉवरहाऊसला शिफ्टवर गेलो की ही कॉलनीच्या रस्त्यावर गाडी शिकायची. शिकवायला शेजारचे धाकूदादा, मागच्या सीटवर तू, तुझ्या हातात बिस्किटाचा पुडा. हात बसल्यावर ती पहिल्यांदा मारुती घेऊन आपल्या माहेरी गेली. तुझा आजा काठी टेकत वाडीच्या तोंडाशी आला. त्याच्या लहानपणी त्याच रस्त्यानं गावातून जायचं तर कडेकडेनं, मान खाली घालून जावं लागायचं. त्यानं बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट चांगलंच तापलेलं होतं, पण त्यानं हात काढला नाही. म्हणाला, "बाय, गावातनं येताना हॉर्न वाजवत ये हां." तो असेपर्यंत ती त्या गावातून हॉर्न वाजवतच गेली. पुढं तिची बदली देवरूखकडच्या डोंगरातल्या शाळेत झाली, आणि मग ती मारुती अख्ख्या वाडीची झाली. अडलेली बाई असो, साप चावलेला माणूस असो, आधी बाईंच्या दारात यायचे. गॅरेजवाला रितेश तिचाच विद्यार्थी. तापानं फणफणलेल्या त्याला तिनं याच गाडीतून दवाखान्यात नेलं होतं, हे तो अजून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो.

अशी गाडी विका म्हणून तिला सांगायचं माझ्या जिभेवर येईना. पण गाडीचंही वय झालं होतं. एसी लावला की घाट चढायची नाही, आणि एसी बंद केला की तुझ्या आईचा जीव घाबरा व्हायचा. मे महिन्यात कोल्हापूरला जाताना आंबा घाटात ती अर्ध्यावर तापून बंद पडली. बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट. तुझी आई डोक्याचा रुमाल सावरत रस्त्याच्या कठड्यावर जाऊन बसली आणि तिथंच ओकली. चारचौघांत कधी पदर ढळू न देणारी बाई. ट्रकवाले हॉर्न मारत जात होते, कुणी वाकून बघत होते. मी रेडिएटर थंड व्हायची वाट बघत हातात पाण्याची बाटली धरून नुसता उभा. पाणी गाडीला घालू की हिला पाजू, तेही मला त्या वेळी कळेना. ते ऊन आणि तिचा पांढराफटक चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. त्याच दिवशी मी ठरवलं की हा घाट तिला पुन्हा असा चढायला लावायचा नाही.

रितेशकडे गेलो. तो आधी हसला. "काका, ह्या पिटुकल्या खणात तीन सिलिंडरचं इंजिन कसंबसं बसलंय. चार सिलिंडरचं, तेराशे सीसीचं घालायचं म्हणजे खोपटात हत्ती बांधायचा." मग मी कशासाठी ते सांगितलं. त्यानं फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "बाईंसाठी ना? बघतो." संगमेश्वरला मागून ठोकलेली तेराशे सीसीची एक जुनी एस्टीम गाडी पडून होती. इंजिन आणि गिअरबॉक्स शाबूत. ते आम्ही टेम्पोत घालून आणलं.

पावसाळाभर तेच काम चाललं होतं. तुझी आई बरी असेल त्या दिवशी गॅरेजात खुर्ची टाकून बसायची. गंमत बघ, सगळ्या वासांनी जीव नकोसा व्हायचा, पण पेट्रोलच्या वासानं तिला कधी मळमळलं नाही. जुनं इंजिन साखळीला लटकून वर आलं तेव्हा मात्र तिनं तोंड फिरवलं. नवं आत उतरवलं तर बॉनेटच लागेना. इंजिन ज्यावर बसतं ते आधीचे माउंटिंग कापून खाली घेतले, पुन्हा वेल्डिंग केलं. रेडिएटर मोठा बसवला. जोर वाढला म्हणजे थांबवायची ताकदही वाढायला हवी, म्हणून पुढचे ब्रेक मोठे घातले, नाकावर वजन आलं म्हणून स्प्रिंगा बदलल्या. वायरिंगनं तर रितेशला रडवलं. परवानगीसाठी रत्नागिरीला आरटीओत मी इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई मला चहा विचारायला लागला. आमू, मी टर्बाइनच्या आवाजात नोकरी काढलेला माणूस. जोर कमी पडला तर वाढवायचा, एवढंच मला येतं. तिच्या दुखण्यापुढं माझं काही चालत नव्हतं, पण ह्या कामात चालत होतं. काळ्या हातांनी घरी यायचो आणि मला चक्क भूक लागायची.

नव्या इंजिनावर पहिल्यांदा कोल्हापूरला निघालो तेव्हा मी एसी लावला, काचा बंद केल्या आणि साखरपा सोडल्यावर श्वास धरून बसलो. गाडी अशी चढली म्हणून सांगू, जणू घाट कुणी सपाट करून ठेवलाय. शेजारी बघतो तर तुझी आई झोपलेली. आंबा गाव आलं तेव्हा जागी झाली आणि म्हणाली, "घाट लागला का हो?" मी म्हटलं, "मघाशीच गेला." तिनं मागं वळून बघितलं आणि खुदकन हसली. त्या दिवशी मी तुला फोनवर ओरडून सांगितलं होतं, सगळं झकास झालं म्हणून. मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं. घाट जिंकला म्हणजे बाकीचंही जिंकलं, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं.

पण दिवाळीनंतरचे रिपोर्ट आम्ही तुला सांगितले तसे नव्हते. तेव्हा तुला नुकतंच अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलेलं. आई म्हणाली, चांगले आलेत म्हणून सांगा. मी सांगितलं. गेल्या सोमवारी पुन्हा दाखवायला गेलो. डॉक्टर कागदाकडे बघून बोलायला लागले, तेव्हाच ती म्हणाली, "डॉक्टर, माझ्याकडे बघून सांगा. मी पोरांना नापास केल्याचं त्यांच्या तोंडावर सांगत आले." त्यांनी सांगितलं. दुखणं यकृतात उतरलंय. औषध लागू पडत नाही. द्यायचं तर आणखी देता येईल, पण त्यानं त्रासच वाढेल. तिनं हात जोडले आणि उठली. मी उठायचं विसरलो, तर माझ्या दंडाला धरून तिनंच मला उठवलं.

मलकापूर मागं टाकलं. घाट उतरून खाली आलो, पुढं सपाटीला लागल्यावर ती म्हणाली, "अहो, थांबा. मी चालवते." किती महिने तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मी नाही म्हणणार होतो, पण तिच्याकडे बघून गाडी कडेला घेतली आणि खाली उतरलो. ती माझ्या जागी बसली, सीट पुढं ओढली, आरसा नीट केला, आणि घराकडे जायच्या ऐवजी गाडी वळवून परत घाटाला लावली. नाक जड झाल्यामुळं वळणावर स्टिअरिंग जड जातं. तिच्या मनगटात तेवढा जोर नाही. प्रत्येक वळणाला मी बाजूनं हात घालून स्टिअरिंग ओढायचो, आणि वळण सरलं की ती म्हणायची, "सोडा आता." सरळ चढावर तिनं पाय दाबला आणि गाडी जी उसळली! डोक्यावरचा रुमाल मागं सरकला, तो तिनं सावरला नाही. तोंडानं मला एकेक सांगत होती, इथं बंद पडलो होतो, इथं मी ओकले होते. वर पोचल्यावर तिनं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. खाली सगळं कोकण दिसत होतं. म्हणाली, "फार छान चालतीय हो. तुम्ही आणि रितेशनं लई मेहनत घेतलीत." मग म्हणाली, "आता औषधाला नाही जायचं. ते पुरे झालं." आणि मी काही बोलायच्या आत, "आमूला कळता कामा नये. बाळ हातात येऊ दे तिच्या, मग सांगा. तोवर मी असले तर मीच सांगेन." मी हो म्हटलं. येताना मी चालवलं. रस्ता दिसत नव्हता नीट, ती बाजूनं सांगत होती, डावीकडे घ्या, सावकाश.

मी तिला हो म्हटलंय, आणि आज तो शब्द मोडतोय. निलेशला सगळं माहीत आहे. त्यानं तुझ्या डॉक्टरांना विचारून मगच मला पत्र लिहा म्हणून सांगितलं. आपली आई आपल्याला कशासाठी भेटायला आलीय हे तुला कळायला हवं, असं मला वाटलं. कारण आम्ही रविवारी निघतोय, पोरी. तुला येता येत नाही म्हणून मी तिला घेऊन येतोय. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, जायचं तर आत्ताच जा. कुंभार्ली घाटानं येऊ, तिला वाटेत पोफळीची कॉलनी बघायचीय. संध्याकाळपर्यंत पुण्यात पोचू. ती तुला म्हणेल, रिपोर्ट चांगले आलेत, आता जरा फिरायला निघालो. तू हो म्हण. बारीक झालीस म्हणून रागव तिच्यावर. दुपटी दाखवील, त्यांत खोड काढ, तिच्याशी नेहमीसारखी भांड. तिच्या समोर बाळाच्या नावाचा विषय काढ, तिला ठेवायचंय ते ठेवू दे. तिचा हात पोटावर ठेवून घे, आणि बराच वेळ राहू दे. रडायचं ते आज रड, निलेशला धरून, पोटभर रड. मीही इथं बाहेर जाऊन रडून घेतो. रविवारी दार उघडशील तेव्हा मात्र हसत उघड.

तुझाच,
बाबा