वितळतार म्हणजे काय?

मंगळवार, संध्याकाळ. तुमसर.

तारतंत्रीच्या, म्हणजे वायरमनच्या, परीक्षेचं पुस्तक आणायला आज भंडाऱ्याला गेलो. लायसन मिळालं तर वायरिंगची कामं स्वतः घेता येतील, नाहीतर ठेकेदाराच्या हाताखालीच. सोबत रमेशदादा, माझ्यासारखाच राईस मिलमधला वायरमन.

दुकानात दोनच पुस्तकं. हिंदीतल्यात सगळे ओळखीचे शब्द. मराठीतल्यात पहिल्याच पानावर 'वितळतार'. पेपर तर मराठीत देणार, आणि हा शब्द कधी ऐकलाही नाही?

दादा म्हणाला, "तुले नाही समजत त मले काय समजन बे? हिंदीचं घे."

हिंदीचं उचललंही. पण वितळतार डोक्यातून जाईना. जी तार वितळते ती. करंट जास्त झाला की... अरे, हा तर फ्यूज! कालच मिलमध्ये बदलला.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आपण इतके दिवस वितळतार बदलवून राहिलो होतो का बे?"

मराठीचंच घेतलं. जमेल का? जमेल बहुतेक. परत येताना एसटीत 'भूयोजन' लागलं, ते दादाला वाचून दाखवलं. तो 'भू... भू...' पुटपुटत राहिला, मग एकदम ओरडला, "अर्थिंग!"

कंडक्टर वळून आमच्याकडे बघायला लागला.