सोंडेवरची डावी वाट

असोदा, ५ जानेवारी २०२४

चि. प्रेमराज यास झुंबर आजीचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझं पोट कसं आहे ते विचारत नाही. मागच्या खेपेला दारातून आधी तेच आत आलं होतं.

फोनवर मला ऐकू येत नाही म्हणून तू पत्र लिहितोस, तेवढी बुद्धी तुला देवानं दिली. माझ्या माहेरच्या, निंबझिरीच्या डोंगरावर मित्रांना घेऊन जाणार म्हणतोस. सकाळी सोंडेवरून चढायचं, अंधारदरीत उतरायचं, संध्याकाळी परत. ती सोंड मी नऊ वर्षांची असताना डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतरायची. तुला जिना चढताना धाप लागते. पण जा. डोंगरालाही कधी हसायला मिळालं पाहिजे.

तुझ्या बायकोला ने. दिपमाला त्याच गावची, वाट तिच्या पायांना पाठ. लग्नाला तीन वर्षं झाली. तू धुळ्याला, ती इथं माझे पाय चेपते. एका दिवसात माझे पाय झडून पडत नाहीत.

लोभ आहेच, पण तोंड दाखवलंस तर टिकेल.

तुझी आजी


धुळे, १० जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझी पत्रं लिहून देणाऱ्या सुलक्षणाबाईंचं अक्षर किती सुरेख! शाळेतल्या बाई त्या शाळेतल्या बाईच. बाई, तुम्हाला नमस्कार. पुढचं आजीला हळू वाचून दाखवा, दिपमालाच्या कानावर जाऊ देऊ नका.

रविवारी २८ तारखेला निघतो. ऑफिसातला हितेंद्र, त्याची बायको डिंपल आणि आणखी दोन जोडपी आहेत. गाडीत जागा नाही असं मी दिपमालाला फोनवर सांगितलंय. खरं तर माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. पण आजी, ती या लोकांत गावच्या बोलीत मले-तुले करणार, साडी खोचून सगळ्यांच्या पुढं पळणार, दगडावर बसून बुक्कीनं कांदा फोडणार. डिंपल एकदा हसली की ऑफिसात वर्षभर तेच चालेल. धुळ्याला राहायला यायचा हट्टही तिनं धरलाय. तुझे गुडघे गेलेत, असंच तिला सांगत राहा.

वाट मात्र नीट कळव. दरीत उतरताना फाटा फुटतो म्हणतात.

प्रकृतीला जप, माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा प्रेमराज


असोदा, १६ जानेवारी

चि. प्रेमराज यास आशीर्वाद, शिल्लक असतील तेवढे.

सुलक्षणाबाईंची बदली दिवाळीतच पारोळ्याला झाली. तेव्हापासून माझं लिहिणं-वाचणं दिपमाला करते. मागचं सुरेख अक्षर तिचंच. तीन वर्षांचा नवरा तू, आणि बायकोचं अक्षर ओळखलं नाहीस. मोबाईलवर अंगठ्यानं संसार केला की असंच व्हायचं.

तुझं पत्र तिनं एका दमात वाचलं. 'हळू वाचून दाखवा' हेसुद्धा वाचलं. मला कळेना, म्हणून मोठ्यानं वाच म्हटलं. रिकाम्या जागेचं तर दोनदा वाचायला लावलं. भिंतीपलीकडं लताबाई वांगी भाजत होती, तिचं भरीत ऐकता ऐकता करपलं. वाचून झाल्यावर पोरीनं एवढंच विचारलं, की आजी, गुडघ्यांचं खरं का? मी उठले आणि अंगणात चार फेऱ्या मारून दाखवल्या. तीन वर्षं कण्हत होते. पाय चेपून घ्यायची चटक वाईट असते.

आता वाट. तिनं सांगितली तशीच तिनंच लिहिली. फाट्यावर अंजनाची दोन झाडं आहेत. डावी वाट अरुंद, बघून छाती धडधडते, पण तीच ओढ्यात उतरते. उजवी रुंद आहे, ती कोरड्या धबधब्याच्या काठावर संपते. 'डावी' या शब्दाखाली दोन रेघा दिसतील. त्या मी सांगितल्या नव्हत्या.

मायेचं पुढं बघू.

तुझी आजी


धुळे, २९ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

दवाखान्यातून लिहितोय. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला, प्लास्टर मांडीपर्यंत आहे.

फाट्यावर मी उजवीकडं वळलो. तुझ्याशी खोटं बोलत नाही. एवढं सगळं वाचून दिपमाला चिडली असणार, तिनं मुद्दाम उलटी वाट लिहिली असणार, असं वाटलं. त्या दोन रेघा पाहून तर खात्रीच झाली. बाकीचे झाडांपाशीच थांबले. काठावरचा मुरूम घसरला आणि मी खाली. दिपमालाचा भाऊ वना गावातून चार माणसं घेऊन आला, खाटेवर घालून मला खाली नेलं. डिंपलनं सगळं मोबाईलवर घेतलंय.

दिपमालाला फोन करायला तोंड नाही. तिला धुळ्याला पाठव, कायमची. मी मोठी खोली बघतो.

चुकलो. पदरात घे.

तुझा प्रेमराज


असोदा, ३ फेब्रुवारी

चि. प्रेमराज यास आशीर्वाद. पायाला आराम पडो, म्हणजे डोकं चालायला मोकळं होईल.

वनाचा फोन आला त्याच दिवशी हिनं पिशवी भरली होती. दोन साड्या, हळदीचा डबा आणि तुझ्यासाठी मेथीचे लाडू. तू बोलावशील म्हणून पाच दिवस पिशवी दारातच ठेवली. काल तुझं पत्र आलं. रेघांपाशी ती थांबली, पाणी प्याली, मग खोलीचं वाचलं. वाचून झालं आणि साड्या खुंटीवर गेल्या. लाडू लताबाईकडं गेले.

तू जा बाई, म्हणून मी जन्मात पहिल्यांदा कुणाचे पाय धरले. ती म्हणाली, गाडीत नेलं नाही ते सोसलं, लाज वाटली तेही सोसलं. पण मी त्यांना मारायला धाडीन असं ज्यांच्या मनात आलं, त्यांच्या घरी चूल कशी पेटवू? पहिला घास उचलताना ते माझ्याकडं बघतील.

हे सगळं ती स्वतःच्या हातानं लिहिते आहे, आणि एक अक्षर हललेलं नाही. मी आहे तोवर ती असोद्यात राहणार. माझ्यामागं निंबझिरीला जाणार. धुळ्याचं नाव तिनं घेतलं नाही.

तेव्हा बाबा, रोज सकाळी माझ्या आयुष्यासाठी हात जोडत जा. मी मेले की तुझं लग्न मेलं. लोभ वाढावा असं या खेपेला लिहायला सांगत नाही, तो तुझा आपोआप वाढेल.

तुझी आजी झुंबरबाई